पाठीतलं यंत्र आणि फौजेची नोकरी

कामठीच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: यजमान फौजेत हवालदार, वय ३८, नोकरीची १८ वर्षं झाली. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीचं ऑपरेशन दोनदा झालं. पाठ आता बरी आहे, पण डावा पाय मांडीपासून तळव्यापर्यंत आग आग करतो. रात्री तीन-चार तासांच्या वर झोप नाही. प्रीगाबालिन आणि ट्रॅमाडॉल या दुखण्यावरच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी दिवसा गुंगी येते. सुट्टीवर आले असताना नागपुरातल्या एका डॉक्टरांनी स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर, म्हणजे मज्जारज्जूजवळ सौम्य वीज सोडून दुखणं दाबणारं यंत्र, पाठीत बसवायचा सल्ला दिला. ताई विचारतात: फौजी माणसाला हे सुरक्षित आहे का? रडार, वायरलेस सेट, मेटल डिटेक्टर यांचा त्रास होईल का? नोकरी जाईल का? आणि शेवटी एक ओळ: ‘बसवून घेतलं आणि युनिटला कळवलं नाही तर चालेल का?’

ताई, मी तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळ्याचं उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. नाही, चालणार नाही. मी नियमाचा धाक दाखवत नाही. मी भूलतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं नागपुरात दुखण्याच्या उपचाराचं काम करते आणि कामठी, वायुसेनानगर, हिंगण्याचा सीआरपीएफ कॅम्प, पुलगाव इथून आलेली बरीच माणसं तपासली आहेत. लपवलेलं उपकरण धोक्याचं का, ते मी समोर घडताना पाहिलं आहे.

एक माजी सैनिक. स्टिम्युलेटर बसवून दोन वर्षं झाली होती, छान चाललं होतं. खांदा आखडला म्हणून गावाकडच्या एका फिजिओथेरपी केंद्रात गेले. तिथं शेक द्यायचं मशीन लावायची तयारी झाली. शेक म्हणजे साधी गरम पिशवी नव्हे, शॉर्टवेव्ह डायथर्मी, रेडिओलहरींनी आतून तापवणारी. खांद्याचा आणि पाठीचा काय संबंध, असं वाटून त्यांनी उपकरणाचं सांगितलं नव्हतं. नशीब, की बायको सोबत होती आणि पर्समध्ये उपकरणाचं ओळखपत्र, म्हणजे कार्ड, होतं. डायथर्मीची ऊर्जा शरीरात शिरली की उपकरणाच्या तारेतून वाहत थेट तारेच्या टोकापर्यंत जाते आणि तिथली नस भाजून काढू शकते. शेक खांद्याला दिला तरीही. मेंदूत असं उपकरण बसवलेले रुग्ण डायथर्मीनंतर दगावले, तेव्हा २००२ साली अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सगळ्या डॉक्टरांना जाहीर इशारा दिला होता. आता विचार करा, तुमचे यजमान कुठल्या तरी पोस्टवर पडले, बेशुद्ध झाले, त्यांना उचलून हॉस्पिटलला नेलं आणि कागदावर उपकरणाचा उल्लेखच नाही. एमआरआय काढताना, ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला विजेची कॉटरी वापरताना, फिजिओथेरपीत, कुठंही घात होऊ शकतो. एमआय रूममधल्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातल्या, नर्सिंग असिस्टंटपासून लष्कराच्या मोठ्या कमांड हॉस्पिटलच्या सर्जनपर्यंत सगळ्यांना माहीत असलं पाहिजे. हे पक्कं ठरलं, तरच पुढचं वाचा.

आता यंत्राबद्दल. पेशंट त्याला ‘करंटची मशीन’ म्हणतात, ते काही चूक नाही. मज्जारज्जूच्या बाहेरच्या आवरणालगत, एपिड्युरल जागेत, एक-दोन बारीक तारा सरकवतात. तारेच्या टोकाशी इलेक्ट्रोड असतात. तार त्वचेखालून नेऊन कमरेच्या वरच्या भागात किंवा कुल्ल्यावर पुरलेल्या बॅटरीला जोडतात. ही बॅटरी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, टायटॅनियमच्या डबीत बंद असते. यंत्र अगदी कमी विजेचे स्पंद सोडतं, आणि पायाकडून मेंदूकडे जाणारा दुखण्याचा निरोप वाटेतच क्षीण होतो. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मज्जारज्जूत दुखण्याला एक ‘दार’ असतं अशी कल्पना मांडली आणि १९६७ मध्ये शीली या न्यूरोसर्जननं पहिलं उपकरण माणसाला बसवलं. म्हणजे हा काही कालपरवाचा प्रयोग नव्हे. जुन्या पद्धतीच्या उपकरणात दुखण्याच्या जागी सौम्य झिणझिण्या जाणवतात. नव्या पद्धतींत, उदाहरणार्थ सेकंदाला १०,००० स्पंदांच्या उपकरणात, झिणझिण्या अजिबात जाणवत नाहीत. फौजी माणसासाठी हा फरक महत्त्वाचा आहे, त्यावर पुढं येते.

यानं दुखणं थांबतं का? इथं मला मोजून बोलावं लागेल, कारण याच प्रश्नावर विक्रेते फार मोकळेपणानं बोलतात. पाठीच्या ऑपरेशननंतर उरलेल्या पायाच्या दुखण्यावर २००७ मध्ये ‘प्रोसेस’ नावाची १०० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी स्टिम्युलेटरवाल्यांपैकी ४८ टक्क्यांचं पायाचं दुखणं निम्म्यावर आलं. फक्त औषधं चालू असलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं. फरक मोठा आहे. पण त्याच चाचणीत वर्षभरात ३२ टक्के जणांना उपकरणाशी संबंधित काही ना काही त्रास झाला, हेही छापलेलं आहे आणि ते कुणी सांगत नाही. पुढे २०२२ मध्ये नॉर्वेतल्या ५० रुग्णांवर एक चाचणी झाली. त्यांत यंत्र काही काळ चालू आणि काही काळ बंद ठेवलं, आणि कधी काय आहे ते रुग्णाला कळू दिलं नाही. ‘बर्स्ट’ पद्धतीच्या, म्हणजे झुबक्यांनी सोडलेल्या, स्पंदांचा दैनंदिन हालचालींवर ठळक फायदा दिसला नाही. अनेक चाचण्या एकत्र पारखणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यानं कंबरदुखीसाठी या उपकरणाचा दीर्घकाळ टिकणारा फायदा सिद्ध होत नसल्याचं म्हटलं. या सगळ्यातून माझा निष्कर्ष असा: नुसत्या कंबरदुखीसाठी मी हे सुचवत नाही. पायाची आग, नस दुखावल्याचं दुखणं, हातापायाचा सीआरपीएस (दुखापतीनंतर मागं राहणारं, प्रमाणाबाहेरचं दुखणं), यांत निवडून, पारखून बसवलं तर उपयोग होतो. तुमच्या यजमानांची पाठ बरी आणि पाय जळतो, म्हणजे ते निदान योग्य गटात तरी बसतात.

म्हणूनच ट्रायलशिवाय बसवून घेऊ नका. आधी फक्त तार घालून बॅटरी बाहेर ठेवतात, साधारण आठवडाभर माणूस घरी राहून चालतो, बसतो, झोपतो. दुखणं निम्म्यानं तरी कमी झालं, तरच पुढचं ऑपरेशन. एफडीएनं सप्टेंबर २०२० मध्ये डॉक्टरांना पत्र लिहून ट्रायल करण्याचा आग्रह धरला, त्यामागं चार वर्षांत आलेल्या १,०७,७२८ तक्रारी होत्या, त्यांपैकी ४९७ मृत्यूंशी निगडित. हा आकडा वाचून घाबरू नका, आणि तो झटकूनही टाकू नका. तक्रार आली म्हणजे दोष उपकरणाचाच असा अर्थ होत नाही. पण इतक्या तक्रारी येतात याचा अर्थ हे दागिना घातल्यासारखं बसवायचं यंत्रही नव्हे. आपल्याकडे अशा त्रासांची नोंद मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमात होते. तो जुलै २०१५ मध्ये सुरू झाला आणि त्याचं काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतं. तुमच्या डॉक्टरांना विचारा, काही बिघडलं तर तिथं कळवाल ना? जे लगेच हो म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास जास्त बसतो. आणखी एक: ट्रायलच्या आठवड्यात यजमानांना नुसतं पलंगावर झोपवू नका. जिना चढू दे, स्कूटरच्या मागं बसू दे, रात्री कुशीवर झोपू दे. विश्रांतीत तर गोळ्यांनीही बरं वाटतं.

आता मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते ते सांगते. तार तुटण्याची नाही, जंतुसंसर्गाचीही नाही. दुखणं थांबण्याची. एक जवान ट्रायलनंतर माझ्यासमोर खुर्चीतून ताडकन उठला आणि म्हणाला, “मॅडम, आता दुखतच नाही, तर मंग पिट्टू काहून नाही उचलायचा?” पिट्टू म्हणजे पाठीवरची सामानाची जड पिशवी. त्याचा आनंद मला दिसत होता आणि पोटात गोळा येत होता. दुखणं कमी झालं म्हणजे मणका बरा झाला, असं नसतं. दोनदा कापलेली गादी, तिच्याभोवतीचा व्रण, ढिली झालेली सांधेबंदी, सगळं जागच्या जागी असतं. फक्त त्याचा आवाज बंद झालेला असतो. साध्या माणसाला हे समजावणं सोपं जातं, तो आपसूकच जपून राहतो. फौजी माणसाला वर्षानुवर्षं दुखणं दाबून चालायचं शिकवलेलं असतं. दुखणं थांबलं की त्याला वाटतं, आपण परत पहिल्यासारखे झालो. आणि तो पळतो, वाकून चढतो, पेलतो. मग तार सरकते किंवा गादी पुन्हा घसरते.

तार सरकणं ही या उपकरणाची सर्वात जास्त दिसणारी तक्रार. पहिले सहा ते बारा आठवडे तार नुसती टाक्यांच्या आणि नव्यानं धरणाऱ्या व्रणाच्या आधारावर असते. या काळात पुढं वाकणं, कमरेतून पिळणं, हात डोक्यावर नेऊन वजन उचलणं, सगळं वर्ज्य. आता फौजेची रोजची कामं आठवा: पोटावर सरपटणं, पडून नेम धरताना पाठ मागं ताणणं, वाहनाच्या मागच्या फळीवरून उडी मारणं, भिंत ओलांडणं. यांतलं प्रत्येक काम म्हणजे तारेला दिलेला हिसका. व्रण पूर्ण धरल्यावर चालणं, पोहणं, हलका व्यायाम, सायकल चालते. पण पॅराशूट उडी, अडथळ्यांची शर्यत, जड पिट्टू घेऊन मार्च, यांना मी कधीच परवानगी देत नाही. मानेतल्या तारांबाबत तर त्याहून जास्त कडक असते, कारण मान सतत हलते.

बॅटरी कुठं पुरायची, हा विषय डॉक्टर लोक शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात. फौजी पेशंटमध्ये त्याला अर्धा तास द्यावा. वर्दीचा पट्टा, पिस्तुलाचं होल्स्टर, पिट्टूचा कमरपट्टा, बुलेटप्रूफ जॅकेटची खालची कड, यांतलं काहीही बॅटरीवर घासलं तर त्वचा पातळ होत जाते, काळवंडते आणि एक दिवस डबी बाहेर डोकावते. मी पेशंटला पूर्ण वर्दी आणि पट्टा लावून यायला सांगते, उभं करून, बसवून, वाकवून मगच पेनानं खूण करते. उजव्या हातानं नेम धरणाऱ्याची आणि डाव्या हातानं धरणाऱ्याची जागा वेगळी ठरते. अनेकांना हे विचित्र वाटतं. वाटू दे.

जंतुसंसर्ग वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण शंभरात तीन ते सहा जणांना होतो. झाला की बहुतेक वेळा सगळं साहित्य काढावंच लागतं, नुसत्या अँटिबायोटिकनं भागत नाही. नागपुरात मी एप्रिल-मेमध्ये, टाळता येत असेल तर, हे ऑपरेशन करत नाही. ४५ अंशांच्या वरचा पारा, घाम, पट्ट्याखाली भिजलेलं बँडेज, कूलरची दमट हवा. जखम सुकायला यापेक्षा वाईट दिवस नाहीत. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ मला आवडतो. तंबाखू-खर्रा खाणाऱ्यांना मी सहा आठवडे आधी बंद करायला लावते. विदर्भात हे सांगणं म्हणजे किती मोठी मागणी आहे ते मला माहीत आहे, तरी मागते. साखर असेल तर आधी ताब्यात आणायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ऑपरेशनच्या ठरावीक दिवस आधी थांबवायच्या, कारण मज्जारज्जूजवळ रक्त साचलं तर पाय लुळे पडू शकतात. हे फार क्वचित होतं. पण ऑपरेशननंतर पाय जड वाटले, लघवी अडली, पाठीत अचानक असह्य कळ आली, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

रडार आणि वायरलेसबद्दल. आजच्या उपकरणांची डबी बऱ्यापैकी कवच असलेली असते. खिशातला मोबाईल, हातातला वायरलेस सेट, घरातला मायक्रोवेव्ह यांनी काही होत नाही; फक्त सेट बॅटरीच्या जागेवर चिकटवून लटकवू नका. जपायचं ते मोठ्या ताकदीच्या ट्रान्समीटरच्या अँटेनासमोर, उच्चदाबाच्या वीजकेंद्रात, इंडक्शन भट्टीजवळ आणि आर्क वेल्डिंग करताना. ईएमईच्या, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागाच्या, वर्कशॉपमधल्या वेल्डरला हे उपकरण बसवायचं असेल तर मी आधी कामाची जागा बदलायची बोलणी करायला सांगते. मेट्रो स्टेशनच्या किंवा सीताबर्डीतल्या मॉलच्या दारातली सुरक्षा चौकट ओलांडताना क्वचित झिणझिण्या एकदम वाढतात. कार्ड दाखवून बाजूनं जा. नाहीतर उपकरण बंद करून मधोमध, न थांबता चालत जा. हातातलं डिटेक्टर बॅटरीवर धरून ठेवू द्यायचं नाही.

झिणझिण्या एकदम वाढणं ऐकायला साधं वाटतं. पण माणूस शिडीवर असेल, गाडी चालवत असेल, हातात भरलेलं शस्त्र असेल, तर दचकण्याची किंमत वेगळी असते. जुन्या पद्धतीच्या उपकरणात झोपताना, मान वळवताना, खोकताना देखील हा झटका बसतो, कारण शरीराच्या स्थितीप्रमाणे तारेचं मज्जारज्जूपासूनचं अंतर बदलतं. म्हणून झिणझिण्यांचं उपकरण चालू ठेवून गाडी किंवा यंत्र चालवू नये, असं उत्पादकच लिहून देतात. तुमचे यजमान एमटीत (वाहन विभागात) ड्रायव्हर असतील तर हा मुद्दा सगळ्यात वर घ्या. झिणझिण्या न जाणवणाऱ्या पद्धतीत हा प्रश्न जवळपास मिटतो, म्हणून शस्त्र आणि वाहन हाताळणाऱ्यांसाठी मी तिकडे झुकते. त्यातली अडचण अशी, की ती बॅटरी जास्त खाते आणि वरचेवर चार्ज करावी लागते.

चार्जिंग हा फौजेतला खरा प्रश्न आहे, आणि तो शहरातल्या डॉक्टरच्या डोक्यात येत नाही. चार्ज होणारी बॅटरी साधारण नऊ-दहा वर्षं किंवा जास्त टिकते. न होणारी, वापराप्रमाणे तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, म्हणजे पुन्हा छेद. चार्जर कमरेला पट्ट्यानं लावून तासभर बसावं लागतं, काहींना रोज. ज्या पोस्टवर जनरेटर ठरावीक वेळच चालतो, तिथं हे कसं जमणार? शरीरातली बॅटरी शरीराच्या उबेत असते, तिला लडाखच्या थंडीचं काही वाटत नाही; पण बाहेरचा चार्जर आणि रिमोट उणे वीस अंशांत मान टाकतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उलटं होतं. चार्जर तापतो, त्वचा आधीच घामेजलेली, भाजल्यासारखं होतं. दुपारी चार्ज करू नका, पहाटे करा. आणखी एक गोष्ट मला पुलगावच्या एका पेशंटनं शिकवली. नव्या उपकरणांचा रिमोट मोबाईलसारखा दिसतो, ब्लूटूथवर चालतो. दारूगोळ्याच्या डेपोत किंवा जिथं मोबाईल नेता येत नाही तिथं हा रिमोट दारावरच जमा करावा लागणार. आत झटका बसला किंवा दुखणं उफाळलं तर उपकरण बंद-चालू कसं करणार? याचं उत्तर लेखी परवानगी घेऊन आधीच मिळवायला हवं.

उंचीचं म्हणाल तर विजेच्या स्टिम्युलेटरला विमान किंवा डोंगर यांनी फरक पडत नाही. पाण्याखाली पडतो: बरेच उत्पादक १० मीटरपेक्षा खोल डुबकी आणि तेवढ्या दाबाच्या हायपरबॅरिक चेंबरला मनाई करतात.

औषधाचा पंप मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण काही डॉक्टर दोन्ही पर्याय एकाच दमात सांगतात, म्हणून लिहिते. पोटाच्या त्वचेखाली डबी, तिच्यात २० किंवा ४० मिलीलिटर औषध, आणि बारीक नळीतून ते थेंबाथेंबानं मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात. मॉर्फिन पोटातून घेण्यापेक्षा तिथं अगदी थोडं पुरतं. कॅन्सरच्या दुखण्यात मी हा पंप मनापासून सुचवते. सेवेत असलेल्या फौजीला मी तो बसवत नाही. एक ते तीन महिन्यांनी सुईनं भरावा लागतो आणि तो प्रशिक्षित हातांनीच भरावा लागतो. बदली झाली, सुट्टी मिळाली नाही, रस्ता बंद झाला, की औषध संपतं. मॉर्फिन संपलं तर माणूस तळमळतो. स्नायूंच्या पेटक्यांवरचं बॅक्लोफेन अचानक संपलं तर ताप, स्नायूंचा ताठरपणा आणि जिवालाही धोका. शिवाय वायूच्या दाबावर चालणाऱ्या पंपात अंग तापलं किंवा उंचीवर हवेचा दाब कमी झाला की औषध जास्त वेगानं जातं. नागपूरच्या मेमधून थेट लेहला जाणाऱ्या माणसाच्या पोटात असा पंप, ही कल्पनाच मला सहन होत नाही. मॉर्फिनचा अतिरेक झाला तर श्वास मंदावतो, आणि जखमी म्हणून कुणी वरून मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं तर संपलंच.

एमआरआयबद्दल एक मुद्दा. ‘हे एमआरआय सेफ आहे’ असं कुणी म्हणालं तर थांबवून विचारा: डोक्याचा की सगळ्या अंगाचा, किती टेस्लाच्या (चुंबकाच्या ताकदीच्या) मशीनमध्ये, कुठल्या तारेसोबत? ही उपकरणं अटींसह चालतात. डबी एका कंपनीची आणि तार दुसऱ्या कंपनीची असली किंवा तार आतून तुटलेली असली, तर त्या अटी लागू राहत नाहीत. म्हणून एमआरआयआधी उपकरण तपासून, ठरलेल्या मोडवर टाकावं लागतं. पाठीचं पुन्हा काही निघालं तर एमआरआय लागणारच आहे.

आता नोकरी. फौजेत प्रकृतीची नोंद ‘शेप’वर होते: मन, कान, हातपाय, शारीरिक क्षमता, डोळे. दोन ऑपरेशनांनंतर तुमचे यजमान बहुधा आधीच लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे तंदुरुस्तीच्या खालच्या वर्गात, असतील. यंत्र बसवून शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीचा शिक्का, परत मिळेल, या आशेवर बसवू नका. मिळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्या शिक्क्याबरोबर तो पिट्टूही परत येतो. लो मेडिकल कॅटेगरी म्हणजे घरी पाठवणं नव्हे. मेडिकल बोर्ड, म्हणजे लष्करी डॉक्टरांचं मंडळ, ‘कोप’ संकेतानं लिहितो, की माणूस कुठल्या हवामानात, किती देखरेखीखाली, कुठली शारीरिक कामं सोडून काम करू शकतो. त्याप्रमाणे शेल्टर्ड अपॉइंटमेंट, म्हणजे झेपेल अशा कामाची जागा, मिळून पेन्शनपर्यंत नोकरी केलेले कितीतरी जण मी पाहिले आहेत. स्टोअर, क्लार्कचं टेबल, प्रशिक्षण केंद्र. निर्णय बोर्डाचा, डॉक्टर म्हणून माझा नाही. पण बोर्डासमोर काय जावं ते आपल्या हातात आहे. अमेरिकेच्या लष्करी डॉक्टरांनी २००७ मध्ये सीआरपीएस असलेल्या दहा सेवारत सैनिकांवर स्टिम्युलेटर वापरल्याचं लिहिलं आणि २००९ मध्ये असं उपकरण घेऊन युद्धक्षेत्रात गेलेल्यांच्याही नोंदी छापल्या. म्हणजे वर्दी आणि उपकरण एकत्र नांदू शकतात. पण ती मोजकी, निवडलेली माणसं होती.

म्हणून रस्ता असा घ्या. खासगीत काही करण्याआधी यजमानांनी आरएमओला, म्हणजे युनिटच्या डॉक्टरांना, सांगावं आणि कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलमधून पुढच्या तज्ज्ञाकडे, पुण्याच्या कमांड हॉस्पिटलकडे, रेफरल मागावं. परवानगीशिवाय बाहेर बसवलं तर काही लाखांचा खर्च अंगावर पडतो आणि नोंदीत गोंधळ होतो. दुखणं ड्युटीवरच्या अपघातापासून सुरू झालं असेल तर त्या वेळचा इंज्युरी रिपोर्ट शोधून ठेवा. दुखापत सेवेमुळे झाली किंवा सेवेमुळे वाढली हे ठरताना, म्हणजे पुढं अपंगत्व पेन्शनच्या वेळी, तोच कागद बोलतो. दोन्ही ऑपरेशनांचे डिस्चार्ज कार्ड, सगळे एमआरआय (नुसते रिपोर्ट नव्हे, फिल्म किंवा सीडी) एका फाइलीत लावा.

आणि मनाची तपासणी. उपकरणाआधी मी सगळ्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते, आणि फौजी पेशंट हमखास चिडतात. “मॅडम, माझं डोकं ठीक आहे, दुखते पायात.” दुखणं पायातच आहे, यात मला शंका नाही. पण रोज रात्री तीन-चार तासांच्या वर न झोपणाऱ्या माणसाच्या मनावर काही झालंच नसेल असं मी मानत नाही. उदासी किंवा जुन्या प्रसंगांची भीती आत साठलेली असेल आणि तिच्यावर उपचार झाले नसतील, तर उत्तम बसलेलं उपकरणही पुरेसा आराम देत नाही. ताई, तुम्ही रात्री त्यांना जागं पाहता. ते चिडतात का, मुलांशी बोलणं कमी झालंय का, आवाजानं दचकतात का, हे तज्ज्ञाला तुम्ही सांगा. ते स्वतः सांगणार नाहीत.

मला आणखी एक खात्री करायची आहे. प्रीगाबालिनचा डोस पुरेसा झाला का, ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन ही नसेच्या दुखण्यावरची दुसरी औषधं कधी नीट दिली का, नसेच्या मुळाशी इंजेक्शन दिलं तेव्हा किती दिवस आराम पडला, आणि फिजिओथेरपी पाठीला बळ देणारी झाली की नुसते शेकच झाले? यांतलं काही राहिलं असेल तर ते आधी. ट्रॅमाडॉल मात्र मनानं एकदम बंद करू नका.

तुम्ही दोघं याल तेव्हा वरची फाइल आणा, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांसकट. यजमानांना वर्दीचा पट्टा आणि बूट घालून यायला सांगा. आणि पुढचे पंधरा दिवस एका वहीत रोज तीन गोष्टी लिहा: रात्री किती तास झोपले, न थांबता किती चालले, आणि पायाची आग दहापैकी किती. ट्रायलच्या आठवड्यात मला त्याच वहीशी तुलना करायची आहे.